सार्जंट, आण!

एडनडेल, लॉस एंजेलिस
६ मार्च १९२५

थोरा,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण मी त्या दोन दिवस पुरवून वाचल्या. मार्गिट जेवत नाही, झोपताना दिवा मालवू देत नाही आणि सारखी सार्जंटला बोलाव म्हणते. शेवटी तू लिहिलंस: "कुत्र्याला पाठव. तू येऊ नकोस. माझ्या पोरीला ज्यानं पाण्यातून काढलं त्याच्यासाठी माझ्या बहिणीच्या घराचं दार उघडं आहे. बाकी कुणासाठी नाही."

ठीक आहे. मला राग आला नाही. हल्ली मला फारसं काही येतच नाही, राग नाही आणि झोपही नाही. सकाळी उठतो, कुत्र्यांना खायला घालतो, पाण्याची भांडी घासतो.

पण सार्जंटचा पिक्चर कंपनीशी मे अखेरपर्यंत करार आहे, त्यामुळे तोवर तरी त्याला पाठवता येणार नाही. शिवाय तो एकटा आगगाडीत बसून डुलुथपर्यंत येणार नाही, कुणीतरी आणावं लागेल. मी त्याला दारापर्यंत आणीन. आत यायचं की नाही ते तू ठरव.

तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. मार्गिटला पाण्याजवळ नेणार नाही असा शब्द मी तुला दिला होता, हे मला आठवतं. ट्रकीला शूटिंगला पोहोचेपर्यंत मी तो पाळायचाच म्हणत होतो. पाण्यात फक्त बाहुली जायची होती, मार्गिटसारखाच लाल कोट घातलेली. त्या दिवशी सकाळी दिग्दर्शक म्हणाले, पोरीचा रडका चेहरा एकदा काठावर हवा, दोन मिनिटांचं काम आहे. मी हो म्हटलं. बर्फाची कड तुटली. लाल कोट पाण्यात दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाहुलीच टाकली. पुढचं पेपरात आलंय, ते तू वाचलंसच.

हॉलिस


सॅन फ्रान्सिस्को
२३ मार्च

थोरा,

इथे आम्ही आठवडाभर आहोत. पिक्चर अजून जोडून व्हायचंय, पण कंपनीनं आधीच सार्जंटला थिएटरांतून फिरवायला काढलंय. दुसरं पिक्चर संपलं की पडद्यापुढे एक टेबल ठेवतात. त्यावर सार्जंट बसतो, शेजारी मी उभा राहतो आणि ट्रकीच्या नदीची गोष्ट सांगतो. महापौरांनी परवा त्याच्या गळ्यात पदक घातलं. त्यानं ते चाटून पाहिलं, खायचं नाही हे कळल्यावर मान फिरवली. लोक हसले.

कंपनीच्या जाहिरातीचं काम बघणारे मिस्टर फेंटन आमच्याबरोबर असतात. पहिल्या दिवशी खेळ झाल्यावर ते मला म्हणाले, "हॉलिस, तू वाण्याची यादी वाचल्यासारखं सांगतोस रे! बापाचा आवाज जरा कापू दे की."

"माझा कापत नाही," मी म्हटलं.

"मग कुत्र्याच्या गळ्यात पड. निदान तो तरी शेपूट हलवेल."

मग मी त्याच्या गळ्यात पडायला लागलो. नवव्या खेळापर्यंत चांगलं जमायला लागलं. काल एक बाई रडत रडत पुढे आली आणि सार्जंटच्या तोंडाचा मुका घेऊन गेली. त्याचं तोंड पांढरं व्हायला लागलंय म्हणून मी रोज काजळी लावतो, ती सगळी तिच्या ओठांना लागली. ती तशीच घरी गेली असेल.

तुला या धंद्यातली एक गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. तू पडद्यावर बघून डोळे पुसायचीस, म्हणून सांगवत नव्हतं. सार्जंट संकटातल्या पोराकडे व्याकूळ होऊन बघतो ना, तेव्हा तो पोराकडे बघत नसतो. कॅमेऱ्याच्या बाजूला मी उभा असतो, माझ्या मुठीत कलेजीचा तुकडा असतो, तो त्या मुठीकडे बघत असतो. मी तोंडानं सारखा ओरडत असतो: थांब, वर बघ, आता चल, आता आण. लोकांना ऐकू जात नाही, त्यांना पियानो ऐकू येतो. मला वाटतं, जगातल्या कुठल्याच प्राण्यानं कुणाचं इतकं ऐकलं नसेल, जितकं त्यानं माझं ऐकलं.

मार्गिटनं सार्जंटला लिहिलेलं पत्र पोहोचलं. त्याच्यापुढे बसून मी ते मोठ्यानं वाचलं. "प्रिय सार्जंट, तुला सर्दी झाली का? मला झाली होती. मावशीकडे रोज मासे असतात. मी खात नाही, तुझ्यासाठी ठेवते, पण आई दुसऱ्या दिवशी टाकून देते. लवकर ये." खाली तिनं चार पायांचं काहीतरी काढलंय. त्याच्याकडून उत्तर म्हणून मी त्याचा पंजा काजळीत बुडवून कागदावर उठवला, तो सोबत पाठवतोय. तिला दे. तिनं मला काही लिहिलं नव्हतं, लिहावं असंही काही नाही.

हॉलिस


एडनडेल
१२ एप्रिल, ईस्टर

थोरा,

आज मी मिसेस ओडेलकडे जाऊन आलो. तुला त्या आठवत असतील, कंपनीच्या कपडेवाल्या बाई, मिन्नी ओडेल. मार्गिटचा लाल कोट त्यांनीच शिवला होता, मापं घ्यायला घरी आल्या तेव्हा तू त्यांना कॉफी दिली होतीस. सांताक्रूझच्या बाजूची विधवा बाई, साठीला आलेली, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ.

मी जाणार नव्हतो. दोन महिने टाळलं होतं. पण रेनोच्या हॉस्पिटलातून त्या परत आल्याचं कळलं आणि आज सुट्टी होती, बाकी कुठे जायला घर नव्हतं. सार्जंटला घेऊन गेलो.

त्या भाड्याच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. दार उघडल्याबरोबर म्हणाल्या, "या, या! आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, हा केसाळ नागोबा पहिल्यांदाच बघतेय. गळ्यात पदकही घातलंय का मेल्यानं?"

"ते कंपनीकडे आहे," मी म्हटलं.

"बरं झालं. डुकराच्या मांडीचं मटण आहे, खाईल का तो?" डाव्या हातानं त्या तुकडे टाकायला लागल्या. उजवा हात मांडीवर होता. "खा रे, माझ्या वीरा. तुझं काय चुकलं? तुला सांगितलं ते तू केलंस."

थोरा, मार्गिटला सार्जंटनं काढलं नाही. मिसेस ओडेलनी काढलं.

त्या खालच्या वळणावर कोरड्या घोंगड्या घेऊन उभ्या होत्या. पोर वाहत येताना दिसली तशा कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या. डाव्या हातानं त्यांनी मार्गिटचा कोट धरला आणि उजव्या हातानं बर्फाची कड. माणसं दोर घेऊन येईपर्यंत ती कड सोडली नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठा वाकत नाही. शिवणं संपलं.

सार्जंटनं काय केलं तेही सांगतो. मी "आण" म्हटलं. त्याच्या लेखी आण म्हणजे लाल कोटातली ती गोष्ट आण, जिच्या कॉलरमध्ये कलेजी शिवलेली असते. तसंच शिकवलं होतं मी त्याला. तो वरच्या खडकावर गेला, तिथे एक माणूस बाहुली टाकायची वाट बघत उभा होता. त्याच्या हातातून बाहुली हिसकावून तो पाण्यात उतरला, तोंड वर धरून पोहत आला आणि माझ्या पायाशी ती ठेवून माझ्या मुठीकडे बघत बसला. एकदाही चुकला नाही. दोन कोट दिसले तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

मग मार्गिटला घोंगडीत गुंडाळून ऊब मिळावी म्हणून आम्ही तिला सार्जंटला चिकटवून निजवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा शेजारी ओला कुत्रा होता. तिनं जे मानायचं ते मानलं. फेंटननी तिथेच फोटो काढवला. नंतर त्यांनी पोरीला कुत्र्यानंच काढलं असं लिहिलेला एक कागद पुढे केला, मी सही केली. सही करताना मला काही वाटलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझं तेवढंही झालं नाही.

मी मिसेस ओडेलना म्हटलं, "पेपरात तुमचं नाव यायला हवं होतं."

"कशाला? लोकांना पडद्यावर कुत्रा उडी मारताना बघायचाय. साठीची बाई पोत्यासारखी नदीत पडलेली कोण बघणार? मी स्वतः तिकीट काढून गेले नसते." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "थोराला सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे मूग गिळून बसलायस. अरे, माझी बोटं राहू देत. ती पोर कशी आहे, जेवते का, खोकते का, एवढं तरी मला कुणी कळवायला नको? दोन महिने मी हॉस्पिटलात पडून कुणाला विचारू? याला?" त्यांनी सार्जंटकडे बोट दाखवलं, उरलेल्यांतलं. "नर्स म्हणायच्या, आजी, पेपर वाचून दाखवू का, त्या कुत्र्याची किती छान बातमी आलीये!"

मी त्यांना सांगितलं की ती बरी आहे, पण मासे खात नाही. त्या म्हणाल्या, मासे कोण खातं, तिला बटाट्याची पोळी द्या म्हणावं लोणी लावून. तेवढं करून बघ.

निघताना त्यांनी मला आणखी एक विचारलं. ते इथे लिहीत नाही.

हॉलिस


एडनडेल
२ मे

थोरा,

तुझं उत्तर आलं. पहिल्या पानावर सगळं मिसेस ओडेलबद्दल: त्यांना इकडे पाठव, गरम खोली आहे, बहिणीची हरकत नाही, त्यांचा पत्ता कळव. मागच्या पानावर एकच ओळ: "आणि तू कुठे होतास?"

मी कॅमेऱ्याशेजारी होतो, सार्जंटसमोर. तिथेच माझी जागा असते. लाल कोट दिसला, दिग्दर्शकांनी भोंग्यातून "आता!" म्हटलं आणि मी कुत्र्याला हाक मारली. सगळ्यांना बाहुली वाटली तशी मलाही वाटली. कळलं तेव्हा मिसेस ओडेल पाण्यात होत्या. झालं एवढंच.

मार्गिटनं बटाट्याच्या दोन पोळ्या खाल्ल्या हे मी मिसेस ओडेलना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन? लोणी कमी लावलं असेल." मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. तुझं आमंत्रण सांगितलं तेव्हा म्हणाल्या, थोटा हात घेऊन मी लोकांच्या घरी काय बसू, भांडीही घासता येत नाहीत. त्यांचं मन वळवायला बघतो.

मे अखेरीस करार संपतो. तेव्हा मी सार्जंटला घेऊन येऊ का? त्यानं तिला काढलं नाही हे खरं, पण मार्गिटला तो हवाय. मी बाहेर थांबेन. तिच्याशी दारातून दोन शब्द बोललो तरी पुरे. हो म्हणावंस असं मला वाटतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून लिहिलं.

हॉलिस


एडनडेल
२१ मे

थोरा,

हे पत्र पोस्टानं येणार नाही, मिसेस ओडेल घेऊन येतील.

गेल्या गुरुवारी कंपनीनं आम्हा सगळ्यांना पिक्चर दाखवलं. तुमच्या तिथल्या थिएटरात ते तेरा जूनपासून लागणार आहे, यादीत मी नाव वाचलं. म्हणून त्याआधी हे तुला कळायला हवं. तुला ते पडद्यावर दिसेल, आणि तुझ्या शेजारी मार्गिट बसलेली असेल.

त्या दिवशी कॅमेरा थांबला नव्हता. कॅमेरावाल्याची चूक म्हणवत नाही, थांब म्हणेपर्यंत दांडा फिरवत राहायचं हेच त्याचं काम, आणि थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ते सगळं पिक्चरमध्ये ठेवलंय. खरं फार उतरलंय म्हणे. लाल कोट पडद्यावर काळा दिसतो, बर्फ पांढरं. ती पडते, खाली जाते, वर येते. मग सार्जंट धावतो, पाण्यात उडी घेतो, तोंडात कोट धरून येतो. मध्ये एकदा डाव्या कडेनं एक बाही आत येते, तिथेच कात्री लावलीय. मिसेस ओडेल म्हणजे तेवढी बाही.

लोक टाळ्या वाजवायला लागले. फेंटननी माझ्या पाठीवर थाप मारली. "रडलास की नाही शेवटी?" मी रडत नव्हतो. मी मार्गिटचा चेहरा बघत होतो.

कॅमेरा माझ्या खांद्याला लागून होता, थोरा. त्याला जे दिसलं ते मला दिसलं, त्याच क्षणी, तेवढंच जवळून. ती वर आली तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिनं तोंड उघडलं. पापा म्हणाली असेल, पडद्यावर ऐकू येत नाही आणि त्या दिवशीही मला ऐकू आलं नाही, कारण मी ओरडत होतो. बाहुलीला तोंड उघडता येत नाही. तिचं तोंड मी स्वतः कापडावर रंगवलं होतं, बंद. मला माहीत होतं ती कोण आहे. माहीत झाल्यावर मी हाक मारली, सार्जंट, आण! आणि त्याच्यानंतर आणखी दोनदा मारली. पडद्यावर सार्जंट तीनदा मान उचलतो, ते मोजून बघ, त्या माझ्या हाका आहेत.

ईस्टरला निघताना मिसेस ओडेलनी मला हेच विचारलं होतं. "माझ्यापेक्षा तू जवळ होतास ना रे?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला वाटलं बाहुली आहे. त्या म्हणाल्या, "असं होय," आणि सार्जंटला उरलेलं मटण बांधून दिलं.

मी भित्रा नाही असं मी समजत होतो. भीती वाटली असती तर तसं लिहिलं असतं, निदान काहीतरी लिहिता आलं असतं. भीती वाटली नाही. चार वर्षं कुणीही पाण्यात पडलं, आगीत सापडलं, कड्यावर लोंबकळलं की मी हाक मारायचो आणि ते माणूस वाचायचं. त्या दिवशीही मी माझ्या पोरीला वाचवतोय असंच मला वाटत होतं. माझे पाय कोरडे होते. मुठीत कलेजी होती, ती मी घट्ट धरली होती, पडू नये म्हणून.

आणि मिसेस ओडेलना पोहता येत नाही. मला येतं, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे?

दुसऱ्या दिवशी मी फेंटनना सांगितलं, यापुढे मी रंगमंचावर उभा राहणार नाही. ते म्हणाले, "नको राहूस. लोक कुत्रा बघायला येतात." त्यांनी दुसरा माणूस आणला. मला वाटलं होतं, सार्जंट त्याचं ऐकणार नाही. त्या माणसानं खिशातून कलेजी काढली आणि सार्जंट त्याच्या मुठीकडे बघायला लागला, अगदी त्याच डोळ्यांनी. मी दारातून बघितलं आणि निघून आलो. त्याला मी आता तुझ्याकडे आणू शकत नाही. आणायला निघालो होतो ते त्याच्यामागून मला आत शिरता यावं म्हणून, हेही लिहून टाकतो.

त्यानंतर मी मिसेस ओडेलकडे गेलो आणि जे तुला लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं, पत्र घेऊन डुलुथला जा म्हटलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तिला माझ्या हातून पाठवतोस? तू नाही येणार?"

मी म्हटलं, थोरानं कुणाला बोलावलंय ते ठरलेलं आहे.

"तुझ्यात आणि त्या कुत्र्यात," त्या म्हणाल्या, "कुत्रा शहाणा. त्याला निदान भूक तरी लागते." पण पेटी भरायला घेतली. मी भरू लागलो. त्यांनी मार्गिटसाठी काहीतरी विणायला घेतलंय डाव्या हातानं, वाकडंतिकडं होतंय, बघून हसू नकोस.

मार्गिटला पिक्चरला नेऊ नकोस. न्यायचंच झालं तर तिला आधी खरं सांग, आणि मिसेस ओडेलना तिच्या शेजारी बसव. माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. काहीच सांगितलं नाहीस तरी चालेल.

गाडी मंगळवारी दुपारी पोहोचते, ते तारेनं वेगळं कळवलंय. स्टेशनवर तुम्ही दोघी या, हेही तारेत आहे. त्यांना पायरी उतरताना हात द्यावा लागतो, डावा. घरी गेल्यावर त्यांना कोटाची बटणं काढता येत नाहीत आणि सांगायची लाज वाटते. ती मार्गिटला काढायला सांग.

हॉलिस